आम्ही कोळसेवाले

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात आम्हाला 'कोळसेवाले' म्हणतात. दारावरच्या पाटीत 'शाश्वत कार्बन पदार्थ संशोधन गट' असे भारदस्त नाव आहे, पण टपरीवरचा पोरगाही 'कोळसेवाल्यांना पाच कटिंग' अशीच आरोळी देतो. आमची त्याला हरकत नाही. आमचे हात, नखे, वह्यांच्या कडा, सगळेच काळे. आमच्यातल्या दोघींना ईदच्या आदल्या रात्री मेंदी लावण्याआधी लिंबाच्या फोडीने बोटे घासावी लागतात.

आम्ही पाचजण आणि आमच्या मॅडम. एकीच्या घरी रत्नागिरीकडे नारळाची वाडी, एकाचे आईवडील बीडहून ऊसतोडीला जायचे, एकीचे अब्बा कल्हईवाले, उरलेले दोघे शिक्षकांच्या घरचे. करवंटी आणि उसाचे चिपाड हा आमचा कच्चा माल आम्ही घरूनच आणला, असे म्हटले तरी चालेल.

लाकूड हवेवाचून तापवले की कोळसा होतो, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहे. शंभर किलो करवंटीचा पंचवीस-तीस किलो कोळसा पडतो. त्यावर आठशे-नऊशे अंशांना वाफ सोडली की त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके पडतात. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या भोकांच्या भिंती पसरून मोजल्या, तर हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे भरतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर दहा गुंठे नाहीत, अशा आमच्यासारख्यांना चिमटीत तेवढी जमीन धरण्याची गंमत वाटते. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये बसतो तो हाच कोळसा. पहिल्या महायुद्धात विषारी वायू सुरू झाल्यावर अमेरिकेने १९१८ साली लोकांकडून पीच फळाच्या बिया आणि कवचे गोळा केली, तीही मुखवट्यांत असा कोळसा भरण्यासाठी.

दुसरी रीत पाण्यातली. फ्रीडरिख बर्गियस या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३च्या सुमारास वनस्पतींचा सेल्युलोज पाण्यासह बंद भांड्यात तापवून कोळशासारखा पदार्थ केला होता. लाखो वर्षांचे काम काही तासांत. पुढे तो विषय जवळजवळ विसरला गेला. या शतकाच्या सुरुवातीला पोट्सडामच्या माक्स प्लांक संस्थेत मार्कुस अँटोनिएटी यांच्या विभागाने तो पुन्हा उचलला. तिथे काम केलेल्या मूळच्या रुमेनियाच्या मारिया-मॅग्डालेना टिटिरिची यांनी पुढे लंडनमध्ये स्वतःचा गट उभा केला. आमच्या मॅडम नव्या मुलाला त्यांचे लेख आधी वाचायला लावतात, भट्टीला हात नंतर.

अम्मीला हे समजावणे सर्वांत सोपे गेले. तुझा कुकर एकशेवीस अंशांवर शिट्टी देतो. आमचा पोलादी कुकर एकशेऐंशी ते अडीचशे अंशांपर्यंत जातो, आतला दाब हवेच्या दहापट आणि त्याहूनही वर, आणि शिट्टी नाही. माल वाळवावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. ओले चिपाड, भाजीबाजारातला पाला, काहीही चालते. अम्मी म्हणाली, "म्हणजे तुम्ही जाळत नाही, शिजवता." आमच्या प्रबंधांतही याहून नेमके वाक्य सापडणार नाही.

हे सगळे कशासाठी? आमच्यापुरते उत्तर: बॅटरीसाठी. लिथियम पृथ्वीवर सगळीकडे सारखे वाटलेले नाही. सोडियम मात्र मिठात आहे, आणि मिठागरे आपल्या किनाऱ्यावरही आहेत. अडचण एवढीच की लिथियम ज्या ग्रॅफाइटच्या थरांत सहज शिरते, तिथे सोडियम नीट शिरत नाही. ग्रॅफाइट म्हणजे पत्त्यांचा नीट लावलेला जोड. सोडियमला हवा विस्कटलेला जोड, ज्यात फटी आणि पोकळ्या आहेत. त्याला हार्ड कार्बन म्हणतात. कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातल्या स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोजपासून तो करून दाखवला. म्हणजे साखरेपासून. ऊसतोडीच्या घरातला आमचा सोबती ही तारीख वाढदिवसासारखी लक्षात ठेवतो. आपल्याकडेही हे नवे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली गळून पडलेल्या पानांपासून ऊर्जा साठवणारा कार्बन केला होता.

आता पाटीवरच्या 'शाश्वत' या शब्दाबद्दल. त्यावरून आमच्यात जेवढी भांडणे होतात तेवढी आकड्यांवरून होत नाहीत. हार्ड कार्बनसाठी भट्टी तेराशे अंशांवर तासन्‌तास चालवावी लागते, आणि राज्याची बरीचशी वीज अजून दगडी कोळशावरच होते. म्हणजे इथे करवंटीचा कोळसा व्हावा म्हणून तिकडे खाणीतला जळतो. काही नमुन्यांत भोके पाडायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तेही कोळशाच्या दुपटी-चौपटीने, आणि मग ते धुऊन काढायला बादल्याच्या बादल्या पाणी. (या जातीच्या पदार्थांचे 'अल्कली' हे नाव अरबीतले, राखेवरून आलेले. 'कल्हई'ही अरबीच, पण ती कथलावरून. दोन्ही शब्द आमच्या एकाच टेबलावर नांदतात.)

एकदा तयार कोळसा विकत घ्यावा, वेळ वाचेल, असे ठरत होते. आम्ही रायगडात एक भट्टी पाहायला गेलो. तिथे कातकरी कुटुंबे होती, पावसाळ्यापूर्वी घेतलेल्या उचलीवर अख्खा हंगाम राबणारी. रचलेल्या लाकडांवर माती लिंपून धूर राखत बसलेली बाई आमच्या मॅडमच्या वयाची असेल, दिसत होती वीस वर्षांनी मोठी. परतीच्या एसटीत कुणी बोलले नाही. तिथला कोळसा आम्ही घेतला नाही. पण आम्ही न घेतल्याने तिची उचल फिटली, असेही नाही. कोळसा कुठून आला हे प्रबंधात लिहावे, असे आमच्यातल्या तिघांचे म्हणणे. उरलेले दोघे म्हणतात, परीक्षक हसतील. वाद मिटलेला नाही.

कल्हईवाल्याच्या मुलीने गटाला एक गोष्ट दिली. कार्बनमध्ये थोडा नायट्रोजन मुरवला की त्याचे विद्युतगुण सुधारतात. त्यासाठी काय वापरावे यावर चर्चा चालली असता ती म्हणाली, "नवसागर." तापला की त्यातून अमोनिया निघतो, हे पुस्तकात आहे आणि लेखांतही आहे, पण तिने ते लहानपणापासून नाकाने शिकलेले. अब्बा भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील आरशासारखे पसरायचे. आमच्याकडे तो धूर खेचून घेणारे धुराडे आहे. त्यांच्याकडे रुमाल होता, आणि आता खोकला आहे.

स्टीलच्या भांड्यांनी त्यांचा धंदा खाल्ला. लग्नांतल्या बिर्याणीच्या तांब्याच्या देगा तेवढ्या उरल्या. ते एकदा प्रयोगशाळेत आले, आमचा कोळसा बोटांत चोळून पाहिला, वास घेतला आणि भाव विचारला. किलोचा हिशेब ऐकून म्हणाले, "इतने में तो मैं पूरा मोहल्ला कल्हई कर दूँ." मग बराच वेळ भट्टीच्या काचेतून आत पाहत उभे राहिले.

त्यांच्या मुलीचे पुढे काय, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. सच्चर समितीच्या अहवालानंतर अल्पसंख्याक समाजांतील पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २००९ साली जी केंद्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली, ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. आमच्यातली पहिली तिच्यावर शिकली. ही त्यानंतर आली. सध्या ती प्रकल्प सहायक म्हणून तुटपुंज्या पगारावर आहे आणि प्रकल्प मार्चमध्ये संपतो. संध्याकाळी शिकवणी घेते. घरी स्थळे येतात, त्यातली दोन चांगली होती, हे तीच सांगते. अब्बांचे उत्तर ठरलेले: "पढ ले बेटा, देगां हैं अभी."

मॅडमनी नवा प्रस्ताव पाठवला आहे, नवसागराचे काम त्यात तिच्या नावावर आहे. उत्तर आलेले नाही. भट्टीच्या रात्रपाळ्या आम्ही वाटून घेतो. लग्नसराईत ती बुधवारची रात्र मागून घेते. शुक्रवारच्या निकाहाच्या देगा गुरुवारी येतात, आणि भाता मारायला अब्बांना आता दुसरे माणूस लागते.