वादळाच्या नावावर

घरातील अपयशाला घराबाहेरचे कारण सापडले की मनाला केवढा दिलासा मिळतो, याचा अनुभव आम्ही उभयतांनी २०१२ च्या डिसेंबर महिन्यात घेतला. आमच्या थोरल्या कन्येची महाविद्यालयातील पहिल्या सत्राची गुणपत्रिका तेव्हा हाती आली होती. चारपैकी २.१ अशी सरासरी. रसायनशास्त्रात ‘डी’ आणि जीवशास्त्रात ‘सी’. शाळेत सदैव वरच्या क्रमांकांत राहिलेल्या मुलीचे हे गुण पाहून आम्ही सुन्न झालो. योगायोग असा, की त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी ‘सँडी’ नावाचे वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले होते. आमच्या घरी सहा दिवस वीज नव्हती, कन्येचे महाविद्यालयही काही दिवस बंद होते. त्या आठवड्यात वसईला फोन केला, तेव्हा आम्ही आईंना सांगितले, “वादळामुळे पोरीचे सत्र वाया गेले.” आई आमच्यापैकी एकाची जन्मदात्री व दुसऱ्याची सासू, हाक मात्र दोघांचीही ‘आई’ अशीच. त्या म्हणाल्या, “देवाची करणी. पुढच्या वेळी करील बाय.” आम्ही फोन खाली ठेवला. त्यानंतर बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

ही घरगुती कथा छापून आणण्याचे कारण एवढेच, की आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता परदेशात स्थिरावली आहेत आणि मुलांच्या शिक्षणाविषयी विचारणा करणारे फोन आम्हाला वरचेवर येतात. प्रत्येकाला आमच्या कन्येच्या यशाची हकीकत हवी असते. त्याआधीची हकीकत सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आम्ही १९९१ साली या देशात आलो. आमचे शिक्षण मुंबई विद्यापीठातले. आमच्या काळी बारावीचे गुण हाच काय तो निवाडा असे. तेथे घसरलात तर वैद्यकाचे दार कायमचे बंद. पण एकदा आत शिरलात की पुढे एखाद्या वर्षी ए.टी.के.टी. लागली तरी पदवी मिळाल्यावर तिची आठवण कोणी काढीत नसे. भारतात आजही बीडीएसला प्रवेश मिळतो तो ‘नीट’ या एका परीक्षेच्या बळावर. अमेरिकेतील रीत याच्या अगदी उलट आहे. येथे बहुतेक विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग दंतवैद्यकाच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतात. त्या अर्जात पदवीच्या पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक गुण मोजला जातो. एका वाईट वर्षाने दार बंद होत नाही, पण ते वर्ष पुसलेही जात नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हते. “पहिले वर्ष आहे, सावरेल,” असे आम्ही मुंबईच्या हिशेबाने म्हणत राहिलो.

दुसऱ्या सत्रात सरासरी २.४ झाली, तिसऱ्यात २.७. आता तर वादळही नव्हते. जानेवारी २०१४ मधील एका रात्री आम्ही स्वयंपाकघरात तिला समोर बसवले आणि काहीशा कठोरपणेच विचारले, “तू अभ्यास करतेस की नाही?”

ती म्हणाली, “करते, पप्पा. रोज करते. पण मला समजत नाही. आणि समजत नाही, हे सांगायची आपल्या घरात पद्धत नाही.”

हे वाक्य आम्हाला चांगलेच लागले. ते खोटे नव्हते. इकडच्या महाविद्यालयात प्राध्यापक आठवड्यातील काही तास केवळ विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवतात. तीन सत्रांत आमची कन्या त्या दारात एकदाही गेली नव्हती. प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान चव्हाट्यावर मांडणे, ही समजूत तिने आमच्याकडूनच उचलली होती. आमच्या शाळेत मास्तरांना शंका विचारणाऱ्या मुलाला वर्ग हसत असे. आम्ही ते हसू सोबत घेऊन समुद्र ओलांडला आणि मुलीच्या दप्तरात ठेवले. शिवाय ती दहावीत असल्यापासून आम्ही वसईत, चर्चच्या आवारात, लग्नमांडवात, भेटेल त्याला ‘पोरगी डॉक्टर होणार’ असे सांगत आलो होतो. ज्या मुलीविषयी साऱ्या गावाला आधीच सांगून झाले आहे, तिने आपल्याला काही समजत नाही हे कोणत्या तोंडाने सांगावे?

त्याच रात्री तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आदल्या उन्हाळ्यात ती एका दंतवैद्यांकडे नोंदणीच्या टेबलावर काम करीत असे. तेथे एक वृद्ध गृहस्थ येत. बोलताना ते तोंडावर हात धरीत. कवळी बसवून झाल्यावर त्यांनी बाहेर येऊन आपल्या मुलीला फोन केला, तो हात खाली सोडून. “मला ते काम करायचे आहे,” ती म्हणाली. आम्हाला, खरे सांगायचे तर, ही माघार वाटली. वैद्यक जमले नाही म्हणून दात, असा आमचा क्षुद्र तर्क. या विद्येला स्वतःची परंपरा आहे, हे आम्ही पुढे वाचून जाणले. जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय १८४० साली अमेरिकेतच, बाल्टिमोर येथे निघाले. आयोवा येथून दंतवैद्यकाची पदवी घेऊन मायदेशी परतलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय उभे केले. आणि दातांच्या दुखण्यासाठी जिचा धावा केला जातो, त्या संत अपोलोनियेचा सण ९ फेब्रुवारीला येतो, ही गोष्ट आम्हा कॅथलिकांनाही कन्येकडूनच कळावी, यात नवल ते काय!

महाविद्यालयातील सल्लागाराने तिला दुसरा विषय घेण्याचे सुचवले होते. तिने ते नम्रपणे नाकारले आणि आपल्या अभ्यासाची घडी मोडून नव्याने बसवली. एका सत्रात विज्ञानाचे दोनच विषय घ्यायचे. प्रत्येक आठवड्यात निदान एक प्रश्न कागदावर लिहून प्राध्यापकांच्या खोलीत जायचे. वाचलेले पान मिटून, समोर कोणी बसले आहे असे समजून ते मोठ्याने समजावून सांगायचे. पहिल्यांदा ती प्राध्यापकांकडे गेली तेव्हा आठ मिनिटांत परत आली. रात्री फोनवर म्हणाली, “मम्मी, त्या हसल्या नाहीत.” या तीन शब्दांवर आमच्या घरात त्या रात्री कितीतरी वेळ बोलणे चालले. ‘डी’ मिळालेला रसायनशास्त्राचा विषय तिने पुन्हा घेतला आणि त्यात ‘ए मायनस’ मिळवला. उरलेल्या पाच सत्रांची तिची सरासरी ३.७ भरली.

आता सारे सुरळीत होईल, असे आम्हाला वाटले. पण सरासरी ही मोठी कठोर वस्तू आहे. पहिल्या तीन सत्रांचे ४५ श्रेयांक २.४ ने, पुढील ७९ श्रेयांक ३.७ ने, एकूण १२४ श्रेयांकांची सरासरी आली ३.२३. महाविद्यालयाच्या कागदावर मात्र ३.३० होती, कारण पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना गुण महाविद्यालयाने वगळला होता. दंतवैद्यकाचे अर्ज ज्या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, ती जुना आणि नवा असे दोन्ही गुण धरते. अडीच वर्षांचे कष्ट, आणि हाती आले ते एवढेच! प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी साधारण साडेतीनच्या आसपास असते, हे आम्हाला तोवर कळले होते.

जून २०१६ मध्ये तिने पहिला अर्ज भरला. त्यासोबत ४,५०० अक्षरांच्या मर्यादेत एक निवेदन द्यावे लागते. येथे आम्ही पुन्हा तीच चूक केली. “सँडीविषयी लिही,” आम्ही आग्रह धरला, “साऱ्या देशाला ठाऊक असलेले वादळ आहे.” ती म्हणाली, “वीज सहा दिवस गेली होती, पप्पा. माझी तीन सत्रे वाईट गेली.” तरी आमच्या शब्दाखातर तिने वादळ लिहिले. त्या वर्षी तिला कोठेही प्रवेश मिळाला नाही.

एकामागून एक नकार येऊ लागल्यावर तिने एका महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला फोन करून आपल्यात काय कमी पडले, असे विचारले. विचारायला ती आता शिकली होती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे उत्तर दिले. पुढच्या सत्रांची चढण त्यांना दिसली होती. पण विज्ञानाचे अवघड विषय एकत्र घेऊन ती निभावू शकेल, याचा पुरावा कमी होता. डॅट ही प्रवेशपरीक्षा बेताची होती. आणि पहिल्या तीन सत्रांचा खुलासा त्यांना पटला नव्हता. ती हे आम्हाला सांगत असताना आमच्यापैकी एकजण उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पदवीनंतरचे ते वर्ष, २०१६-१७, तिने पुन्हा विद्यार्थी म्हणून काढले. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, ऊतिशास्त्र असे विषय आता दोन-दोन नव्हे, तर चार-चार एकत्र घेतले. संध्याकाळी दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी राहून ती दंतवैद्यांच्या हाती हत्यारे देई. रात्री डॅटची तयारी. या परीक्षेत विज्ञान, वाचन व गणित यांच्याबरोबर आकारज्ञानाचीही कसोटी असते. ६० मिनिटांत ९० प्रश्न. कागदाची घडी घालून त्याला भोक पाडले, तर उलगडल्यावर भोके कोठे दिसतील? रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजू रंगतील? नाताळच्या कंदिलासाठी आणलेले कागद त्या वर्षी अशा घड्यांसाठी कामी आले. जेवणाच्या टेबलावर भोके पाडलेल्या कागदांचा ढीग साठे. आम्हीही उत्तरे ओळखण्याचा प्रयत्न करीत असू आणि बहुधा चुकत असू. ती चूक समजावून सांगे आणि आम्ही निमूट ऐकत असू. घरात ‘समजले नाही’ असे म्हणण्याची पद्धत अशी रुजली.

वर्षाअखेर ३० श्रेयांकांत ३.९ अशी सरासरी आली. एकूण आकडा तरीही ३.३६ च्या वर गेला नाही. डॅटमध्ये तेव्हा १ ते ३० अशी श्रेणी होती. पहिल्या खेपेला तिला १८ मिळाले होते, या वेळी २१. निवेदन तिने नव्याने लिहिले आणि पाठवून झाल्यावरच आम्हाला दाखवले. त्यात वादळ नव्हते. ‘मला समजत नव्हते आणि मी ते लपवले’ अशा अर्थाची दोन वाक्ये होती, आणि त्यानंतर तिने काय बदलले याची साधी यादी. आमच्याविषयी एकही तक्रार नव्हती. ती असती, तर आम्हाला कदाचित अधिक सोपे गेले असते.

२०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका महाविद्यालयाने तिला प्रवेश दिला. केवळ निवेदनामुळे दार उघडले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे ते ३० श्रेयांक होते, परीक्षेचे गुण होते, दवाखान्यातील तास होते. पण त्या निवेदनामुळे त्या सर्वांचा अर्थ वाचणाऱ्याला लागला असावा, असे आम्हाला वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे शिक्षण सुरू झाले. २०२० च्या महामारीचा अडथळा पार करून मे २०२२ मध्ये ती दंतवैद्य झाली. आज ती अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या एका आरोग्यकेंद्रात काम करते.

दंतवैद्यकाचे वर्ग सुरू होण्याआधी, मे २०१८ मध्ये, आम्ही तिघे वसईला गेलो होतो. एका दुपारी ओटीवर बसलेलो असताना आम्ही आईंना साडेपाच वर्षांपूर्वीच्या त्या फोनची आठवण दिली आणि पोरीचे सत्र वादळाने वाया गेले नव्हते, हे सांगून टाकले. आईंच्या हातात निवडायला घेतलेली भाजी होती. मान वर न करता त्या म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळले होते. त्या वादळात शेजाऱ्यांची पोरे पास झालीच असतील की!”

कन्या खळखळून हसली. आम्हालाही हसू आले, पण जरा उशिराने.

आता कोणी पालक फोन करून विचारतात, की मुलाचे पहिले वर्ष खराब गेले, पुढे काही आशा आहे काय. आशा आहे, असे आम्ही सांगतो. आकड्यांचा हिशेबही सांगतो, तो किती सावकाश वर चढतो तेही सांगतो. मग विचारतो, “घरात त्याला ‘समजत नाही’ असे म्हणता येते काय?” पलीकडे बहुधा शांतता पसरते. ती शांतता आमच्या ओळखीची असल्यामुळे आम्ही घाई करीत नाही. थांबून राहतो.