अप्पांच्या 407 मधला सबवूफर

गाडीत सबवूफर म्हणजे कॉलेजच्या पोरांचा शौक, असं माझंही मत होतं. मग दिवाळीला पुण्याहून मुखेडला गेलो. अंगणात अप्पांची 1988ची टाटा 407 उभी. तीस वर्षं इंजिनशेजारी बसून त्यांचे कान गेलेले. ‘गाणं नुसतं पुटपुटल्यावानी वाटायलंय,’ म्हणाले.

गोंगाटानं आधी वरचे, बारीक स्वर जातात. खालचे बरेच टिकतात. म्हणजे अप्पांकडे ढोलकीचा ‘धुम’ शिल्लक होता, पण केबिनमधल्या चार इंची स्पीकरला तो झेपत नव्हता!

सुतारमामांकडून 18 मिलिमीटर प्लायवूडची पेटी करून घेतली. दहा इंची वूफर, आत साधारण 28 लिटर हवा. पहिला प्रयोग फसला. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी काम करते. आमची एका फटीतून सुटत होती. सिलिकॉननं सगळे सांधे बुजवले.

जागा एकच, सीटमागे. तिथं अप्पांची वळकटी असायची.

‘अप्पा, वळकटी कुठं ठेवू?’

गाणं सुरू झालं होतं. पाठीला ढोलकी लागताच ते हसले.

‘घरात ने. आता कुठं मुक्काम करायचाय मला?’

मी आवाज वाढवला. दुसरं काही सुचलंच नाही.