थांबविण्याची विद्या

वेगाचें कौतुक सर्वांस असतें. थांबण्याचें कौतुक सहसा कोणी करीत नाहीं. शर्यत पाहून घरीं परतलेला मुलगा गाडी किती जोरानें धांवली हें दहा जणांस सांगतो. परंतु तीच गाडी वळणापूर्वीं किती थोडक्या अंतरांत आवरली गेली, हें त्याच्या ध्यानींहि नसतें. वास्तविक पाहतां ज्यास आवरतां येतें त्यासच जोरानें धांवण्याचा अधिकार असतो. हें तत्त्व वर्गांत आम्ही पुष्कळ वेळां सांगितलें आहे. पण तें डोळ्यांनीं पाहण्याचा योग आम्हांस आमच्या गांवींच, एका पत्र्याच्या शेडमध्यें आला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस उपयोगी पडेल, असें वाटून हा लेख लिहीत आहों.

आमचें चांदे हें मुळशी तालुक्यांतील गांव. शेजारच्या नांद्याशीं त्याचें नांव असें जोडलें गेलें आहे कीं, लोक एका दमांत 'नांदे-चांदे' असेंच म्हणतात. एके काळीं भाताच्या खाचरांनीं वेढलेल्या या भागांत आज हिंजवडीच्या बाजूनें इमारती चालून येत आहेत, आणि वाळू-खडीचे डंपर दिवसभर रस्ता दणाणून सोडतात. पश्चिमेस पौड, त्यापुढें मुळशीचें धरण व त्याहीपुढें कोंकणांत माणगांवाकडे उतरणारा ताम्हिणी घाट. तेव्हां उतारावर गाडी आवरणें ही आमच्याकडे पुस्तकी गोष्ट नव्हे. जुनीं माणसें सांगतात कीं, बैलगाडी घाट उतरे तेव्हां गाडीवान मागें लाकडाचा ओंडका बांधीत असत. तो जमिनीवर घासत येई आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका होई. ओंडका गेला, ब्रेक आला. काम तेंच राहिलें.

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी चांद्यास मोटारदुरुस्तीचें काम करतो. वर्गांत तो पहिल्या बांकावरचा नव्हता. पण प्रयोगशाळेंत एखादें उपकरण बिघडलें कीं आम्ही त्यालाच हांक मारीत असूं. एके दिवशीं त्यानें निरोप धाडला, "सर, येऊन पाहा, कसली गाडी आली आहे!" आम्ही गेलों. शेडमध्यें एक जुनी, बुटकी, शर्यतीची 'मिनी' उभी होती. तिचीं चाकें पाहून आम्हांस प्रथम हसूंच आलें. लहान मुलाच्या गाडीस शोभावीं इतकीं तीं लहान होतीं.

ह्या गाडीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आलेक इसिगोनिस नांवाच्या कल्पक अभियंत्यानें ती रचली व २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ती इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. थोड्या जागेंत चार माणसें बसविण्याकरितां त्यानें इंजिन आडवें ठेविलें आणि चाकें अवघ्या १० इंच व्यासाचीं घेतलीं. गरिबाची म्हणून निघालेली ही गाडी पुढें शर्यतींत उतरली. मोंटे कार्लोची डोंगरी शर्यत तिनें १९६४ सालीं पॅडी हॉपकर्कच्या, १९६५ सालीं टिमो माकिनेनच्या व १९६७ सालीं राउनो आल्टोनेनच्या हातीं जिंकली. बर्फाच्या घाटांतून तिच्याहून पुष्कळ बलवान् गाड्या मागें पडल्या आणि ही पुढें गेली.

परंतु लहान चाकाची एक अडचण जन्माबरोबरच आली. ब्रेक बसतो चाकाच्या पोटांत. चाक लहान, म्हणून ब्रेकहि लहान. पहिल्या मिनीस पिंपाच्या आकाराचे, म्हणजे ड्रम ब्रेक होते. ड्रमच्या आंत घासणारे तुकडे बाहेरच्या बाजूस दाबले जातात. उष्णता आंत कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि वारंवार दाबल्यावर ब्रेकचा जोर ओसरतो. याला उपाय म्हणजे उघडी चकती, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनीं धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर. फ्रेडरिक लँचेस्टर यानें या कल्पनेचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें; पण तिचा डंका वाजला तो १९५३ सालीं, जेव्हां डिस्क ब्रेक लाविलेल्या जॅग्वार गाडीनें ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९६१ च्या मिनी कूपरला पुढच्या चाकांत ७ इंचांची डिस्क मिळाली. १९६३ च्या कूपर एस्‌ला ती अधिक जाड व ७.५ इंचांची झाली. पुढें १९७४ सालीं १२७५ जीटी या मिनीस ८.४ इंचांची डिस्क दिली गेली, तेव्हां कारखान्यालाहि चाक १२ इंचांचें करावें लागलें. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे पुनः एकदां पाहावे. लहान चाकांत मोठा ब्रेक बसविण्याची सारी कहाणी त्यांत आहे.

गाडीचे मालक पुण्याचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनीं परदेशांतून ८.४ इंची डिस्क व तिचे चिमटे मागविले होते. चाकें मात्र १० इंचांचींच हवींत, असा त्यांचा हट्ट. मोठ्या चाकांनीं गाडीचें मूळ रूप बिघडतें, असें त्यांचें म्हणणें. तें आम्हांस अगदींच चुकीचें वाटलें नाहीं. जुन्या वस्तूचें रूप राखणें हीहि एक निष्ठाच आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें प्रथम पुठ्ठ्याचा चिमटा कापून चाकांत फिरवून पाहिला, तो अडला. १० इंच हें माप टायर जेथें बसतो तेथलें. आंतली पोकळी त्याहून कमी. त्या पोकळींत डिस्क मावून भागत नाहीं. डिस्कच्या कडेवरून पलीकडे जाणारा चिमट्याचा पूलहि मावला पाहिजे आणि त्यावर थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. कारण गाडी वळतांना चाक किंचित् वांकतें व तापलेलें लोखंड वाढतें. मालक म्हणाले, "चकती जरा कातून घ्या, आणि चिमट्याचा खांदा घासून काढा. लोक करतात तसें."

लोक करतात, हें खरें होतें. पण चिमट्याचा तो पूल म्हणजे निरुपयोगी उंचवटा नव्हे. ब्रेक दाबला कीं दोन्हीं बाजूंचे दट्टे डिस्कला दाबतात, आणि त्याच जोरानें चिमट्याचे दोन्ही जबडे बाहेर फांकूं पाहतात. त्यांस एकत्र धरणारा एकटा तो पूल. तो पातळ केला तर पायाचा जोर डिस्क दाबण्याऐवजीं चिमटा फांकविण्यांत खर्ची पडतो. आणि अधिक पातळ केला तर पुढें काय होईल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. आमचा विद्यार्थी शांतपणें म्हणाला, "साहेब, थोडें घासून भागणार नाहीं. जितकें घासावें लागेल, तितकें मी घासणार नाहीं."

आम्हांस ठाऊक होतें कीं, त्याच्या शेडचें तीन महिन्यांचें भाडें थकलेलें होतें. हें काम मोठें होतें. त्यांत तें सारें फिटून वर कांहीं उरलें असतें. मालक रागावले आणि गाडी उचलून दुसरीकडे नेण्याची भाषा बोलून निघून गेले. गाडी नेण्यास माणूस येईल म्हणून ती तशीच झांकून ठेविली. त्या रात्रीं त्याच्या घरीं काय बोलणें झालें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

या मधल्या दिवसांत आम्ही दोघांनीं शेडमधल्या फळ्यावर खडूनें हिशेब मांडला. चालकासह गाडीचें वजन ७०० किलो धरलें, व वेग ताशीं १०० किलोमीटर, तर ती थांबवितांना सुमारें २ लक्ष ७० हजार ज्यूल इतक्या शक्तीची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेनें २० अंशांचें सुमारें ८०० मिलिलिटर पाणी उकळीस येईल. आणि हें अवघ्या कांहीं सेकंदांत! शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते; म्हणून वेग १०० चा १४० केला कीं उष्णता जवळजवळ दुप्पट होते. यांतील शेंकडा ७० भाग पुढच्या दोन डिस्कनीं घेतला, व दोन्हीं मिळून त्यांचें वजन ६ किलो असलें, तर एका थांबण्यांत त्या सुमारें ६८ अंशांनीं तापतात. वजन ८ किलो असेल तर सुमारें ५१ अंशांनीं. घाट उतरतांना हेंच दहा वेळां, मध्यें निवण्यास अवकाश न मिळतां, घडलें म्हणजे लहान ब्रेकची काय गत होते, हें निराळें सांगावयास नको.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठा ब्रेक लाविला म्हणजे गाडी हटकून कमी अंतरांत थांबते, असें नाहीं. गाडीस थांबवितो तो शेवटीं टायर व रस्ता यांमधील घर्षणाचा जोर. जुना ब्रेक चाक जागच्या जागीं अडवूं शकत असेल, तर नवा ब्रेक त्याहून अधिक काय अडविणार? मोठ्या ब्रेकचा खरा गुण सोसण्याचा आहे. दहाव्या वेळींहि तो पहिल्या वेळेसारखा वागतो. शिवाय पुढचाच ब्रेक बळकट केला आणि मागच्याचा विचार केला नाहीं तर तोल बिघडतो. मागचीं चाकें आधीं अडलीं कीं गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. म्हणूनच मिनीच्या मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारी झडप कारखान्यानेंच बसविलेली असे. चिमट्याचे दट्टे मोठे घेतले आणि पायाखालचा सिलिंडर जुनाच ठेविला तर पेडल अधिक खोल जातें. तेलाचीहि तीच गोष्ट. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दबते. पाय तळाला टेकतो, गाडी मात्र थांबत नाहीं. मुळशीच्या पावसाळ्यांत दिवस काढणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्यानें हें ध्यानांत ठेवावें.

लहान चाकाचा प्रश्न मोठमोठ्यांनाहि सुटलेला नाहीं. १९७६ सालीं टिरेल कंपनीनें सहा चाकांची शर्यतीची गाडी काढली. तिच्या पुढें १० इंचांचीं चार चाकें होतीं व प्रत्येकांत स्वतंत्र ब्रेक होता. त्याच वर्षीं स्वीडनच्या शर्यतींत ती पहिली व दुसरी आली. तथापि १९७७ नंतर ती मागें पडली. आपल्याकडील उदाहरण पाहावयाचें तर १८६३ सालीं सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग पाहा. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र. तेथें उतारावर बेफाम झालेली गाडी अडविण्याकरितां वर चढत जाणारे वेगळे रूळ टाकले गेले. बांधणारांनीं ब्रेकवर भरंवसा ठेविला, आणि तो चुकला तर काय, याचाहि विचार करून ठेविला. शहाणपण म्हणतात तें हेंच.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ स्वतः शेडवर आले. दुसऱ्या एका ठिकाणीं त्यांनीं विचारलें होतें. तेथें "करून देऊं" असें लगेच उत्तर मिळालें. मग त्यांनीं विचारलें, "घाटांत माझी नात शेजारीं बसणार आहे, चालेल ना?" त्यावर उत्तर आलें, "तें तुमच्या जबाबदारीवर." हें सांगून ते थोडा वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "तूं म्हणशील तसें कर. पण चाकें मात्र बदलूं नकोस."

मग काम सुरू झालें. मोठी डिस्क बाजूस ठेवून ७.५ इंचांचीच, परंतु नवी डिस्क घेतली. तिच्याकरितां मिश्रधातूचे चार दट्ट्यांचे चिमटे, अधिक उष्णता सोसणारे घासपट्टे, पुढच्या जाळीमागून डिस्कपर्यंत वारा नेणाऱ्या दोन नळ्या आणि ताजें तेल. चिमटा व चाक यांमध्यें किती जागा उरते हें पाहण्यास आमच्या विद्यार्थ्यानें घरून कणकेचा गोळा आणला; तो चिमट्यावर थापून चाक हातानें फिरविलें, आणि दबून उरलेल्या कणकेची जाडी मोजली. ती पुरेशी भरली, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें परीक्षेंत पहिला आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरहि आम्ही क्वचितच पाहिलें आहे.

मोकळ्या आवारांत गाडीची चांचणी झाली. पहिल्यांदा थांबविली तेव्हां मालक जरा निराश झाले. पूर्वीच्या मानानें अंतर फारसें कमी झालें नव्हतें. दुसरें, पांचवें, दहावें थांबणें झालें. दहाव्या वेळींहि पेडल पहिल्याइतकेंच वर व घट्ट होतें. तेव्हां ते हंसले आणि कांहीं न बोलतां त्यांनीं आमच्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेविला. शेडचें भाडें त्या महिन्यांत फिटलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. प्रामाणिकपणाचें फळ नेहमीं इतक्या लवकर हातीं येतें, असें मात्र कोणी समजूं नये.

ज्या मुलांस आज इंजिनाच्या अश्वशक्तीचें वेड लागलें आहे, त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे: तुम्हीहि उद्यां यंत्रें चालवाल, कांहीं जण तीं घडवाल. तुमच्यापुढें कोणी पैसे ठेवून म्हणेल, "एवढा खांदा घासून टाक, कोणाला दिसणार आहे?" चाकाच्या पोटांतला तो खांदा खरोखरच कोणाला दिसत नाहीं. पण उतारावर सारा भार त्याच्यावर येतो. आपल्या जागेच्या मर्यादेंत जें बळकट बसेल तेंच बसवावें, आणि जें बसत नाहीं तें बसत नाहीं असें मालकाच्या तोंडावर सांगण्याचें धैर्य बाळगावें. ही विद्या कोणत्याहि परीक्षेच्या पत्रिकेंत नाहीं. तरी तिच्यावांचून बाकीची विद्या उताराला लागली कीं आवरत नाहीं.