ऑफसाइड नसलेली जागा

अमेरिकेतल्या ट्रॅव्हल सॉकरमध्ये नऊ-दहा वर्षांची मुलं सात विरुद्ध सात खेळतात. मैदान लहान, चेंडू चार नंबरचा, हेडिंगला बंदी. यूएस सॉकरने 2017 पासून छोट्या संघांची ही पद्धत सगळीकडे लागू केली, ती प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागावा म्हणून. त्यातलीच एक बिल्ड-आउट लाइन, पेनल्टी क्षेत्र आणि मधली रेष यांच्यामध्ये आखलेली. कीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने तिच्यामागे जायचं. कीपरने चेंडू हवेत लाथाडायचा नाही. जवळच्या साथीदाराकडे सरकवावा, मुलांनी मागून खेळ रचायला शिकावं, हा हेतू.

मी नियम वाचले ते पळवाटा शोधायला. न्यू जर्सीतल्या आमच्या क्लबात मुलाच्या संघाला कोच मिळेना, तेव्हा मी हात वर केला. आयुष्यभर क्रिकेट खेळलेला माणूस. कोचसाठीचा ग्रासरूट्स ऑनलाइन कोर्स रात्री जेवणं झाल्यावर उरकला. पण एक गोष्ट अचूक हेरली: मधल्या रेषेपासून समोरच्यांच्या बिल्ड-आउट लाइनपर्यंत ऑफसाइड धरत नाहीत. तिथे मी आमचा सर्वांत वेगवान मुलगा उभा केला. कीपरने चेंडू उंचापुऱ्या बचावपटूकडे सरकवायचा, त्याने तो पुढे हाणायचा, वेगवाल्याने पळत जाऊन गोल करायचा. मधली पोरं माना वर करून डोक्यावरून जाणारा चेंडू बघत राहायची. आम्ही जिंकत सुटलो. देसी पालक मला ‘सर’ म्हणायला लागले आणि मला ते आवडत होतं.

माझा मुलगा गोलात. कोचचा मुलगा तक्रार करत नाही, हे त्यामागचं खरं कारण. एकदा गाडीत शिनगार्ड काढता काढता म्हणाला, “बाबा, आज मी पळलोच नाही.”

“अरे, पण जिंकलो ना आपण!”

निवडीतही मी तेच केलं. तेव्हा वयोगट जन्मवर्षावर ठरायचे, म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरमधला मुलगा एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांनी उंची, वेग, धक्का सोसायची ताकद, सगळंच बदलतं. मी निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमधलीच मुलं जास्त होती. जन्मतारखा समोरच्या कागदावर होत्या. मी कागद पाहिला तो फोन नंबरांसाठी. डिसेंबरमधला एक मुलगा चेंडू पायाशी ठेवून असा वळायचा, की बचावपटू चकून भलतीकडेच जायचा. पण धक्का लागला की पडायचा. त्याला ‘ब’ संघात टाकलं. त्याच्या आईने विचारलं, “काय कमी पडलं?” मी म्हणालो, “जरा फिजिकल व्हायला हवा.” पुढच्या हंगामात तो दुसऱ्या क्लबात गेला.

अकरा वर्षांखालच्या गटात नऊ विरुद्ध नऊ सुरू झालं. मैदान मोठं, बिल्ड-आउट लाइन गायब, ऑफसाइड मधल्या रेषेपासूनच. आमचा वेगवाला सारखा ऑफसाइड सापडू लागला. शिवाय समोरची मुलंही आता तितकीच जोरात धावत होती. चेंडू पायात आल्यावर काय करायचं हे आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. मी टचलाइनवरून आणखी ओरडायला लागलो: पास कर, मार, बाहेर काढ! परिणाम असा झाला, की चेंडू मिळाला की मुलं आधी माझ्याकडे बघायची. तेवढ्यात चेंडू जायचा. त्यांचं हे बघणं माझ्या लक्षात यायलाही अर्धा हंगाम गेला, आणि तेही घरी सामन्याचे व्हिडिओ पाहताना. मैदानावर मी ओरडण्यात गुंतलेलो असायचो.

त्या मुलांचं नुकसान भरून आलं असं मला वाटत नाही. वेगवाल्याने दोन वर्षांत सॉकरच सोडलं.

आता मी पुन्हा लहान गटाला शिकवतो. कीपर दर सामन्याला बदलतो, बचावातला मुलगा पुढच्या वेळी पुढे खेळतो. आम्ही बरेच सामने हरतो. काही पालक मुलांना दुसरीकडे घेऊन गेले. गेलेल्यांपैकी एकाचे वडील मला वाटेत सांगून गेले, “तुम्ही पूर्वी चांगले कोच होतात.”

2026-27 पासून बहुतेक युवा संघटना वयोगट ऑगस्ट ते जुलै धरणार आहेत. म्हणजे डिसेंबरवाल्यांची कोंडी सुटेल आणि जून-जुलैमध्ये जन्मलेले गटात सर्वांत लहान ठरतील. ट्रायआउटला जे दोघं-तिघं लगेच डोळ्यांत भरले, त्यांच्या जन्मतारखा मी या वेळी आधी पाहिल्या. सगळे ऑगस्ट-सप्टेंबरमधले निघाले.