आई, मी आणि लालपरी
भाग दुसरा : मालवण

बुधवार

मागचा भाग दादर स्टेशनवर थांबला होता. तुतारी एक्सप्रेस तिथून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे मंगळवारी रात्री जेवून घराबाहेर पडायचं, पण तिकीट काढायचं बुधवारच्या तारखेचं. मी तारीख तीनदा तपासली होती, कारण शेजारच्या एका कुटुंबाची गाडी याच पाच मिनिटांच्या फरकामुळे आदल्या रात्रीच निघून गेली होती. केशवसुतांच्या कवितेचं नाव या गाडीला २०१७ साली मिळालं. आईला ती कविता शाळेत पाठ होती. एवढ्या आधारावर तिनं गाडीला आपली मानलं आणि खालच्या बर्थवर निवांत झोपली.

आई ७६ वर्षांची आहे. तिचं आजोळ मालवणचं. आजोबांनी घर विकून मुंबईत बिऱ्हाड केलं आणि १९६० नंतर तिचं इकडे येणं झालं नाही. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, मालवणसमोर दूरवर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची. पावसाळ्यात तेही बंद. आता कोकण रेल्वे पूर्ण होऊनही सत्तावीस वर्षं झाली, तरी ‘मालवणला जायचंय’ म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, “गाडी कुठली केली?” आमच्याकडे गाडी नाही आणि चार दिवस भाड्यानं ठेवायची ऐपतही नाही. म्हणून ठरवलं, आगगाडी, एस.टी. आणि दोन पाय.

कुडाळला उतरलो. रिक्षानं स्टँडवर आलो, तर मालवणची लाल बस लागलेलीच होती. कंडक्टरनं आईचं आधार कार्ड बघितलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. आई ते तिकीट उलटसुलट करून बघत राहिली. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ला नगर-पुणे मार्गावर धावली. म्हणजे एस.टी. आईपेक्षा एक वर्षानं मोठी.

खोली आम्ही मुद्दाम मालवण गावातच घेतली होती. बहुतेक लोक तारकर्लीला उतरतात, कारण तिथे वाळू दारात असते. पण गाडी नसेल तर तारकर्लीत संध्याकाळची बस गेली की माणूस अडकतो. जेवायला जायचं तरी अंधारातून चालणं किंवा रिक्षा. मालवणात स्टँड, बाजार, बंदर, चिवल्याची वेळ म्हणजे तिथला किनारा, सगळं पायाखालचं. पैसे वाचवायचे असतील तर स्वस्त खोली शोधण्याआधी तिच्यापासून स्टँड किती दूर ते विचारावं. आमची खोली घरमालकिणीच्या पडवीला लागून, दिवसाला एक हजार रुपये.

घरमालकीण काकी दारात उभ्या होत्या. “गाडी खंय लावलास?”

“गाडी नाही, एस.टी.नं आलो.”

“बरां झालां. ह्या पाणंदीत गाडी शिरणा नाय.”

संध्याकाळी बंदरावर गेलो. होड्या लागल्या होत्या, टोपल्या वाळूवर उतरत होत्या आणि बोली सुरू होती. टोपलीभोवती बायकांचं कडं, मधे आकडा पुकारणारा आणि डोळ्यांच्या खुणेवर फिरणारा सौदा. शिकल्याशिवाय समजत नाही कोणी कधी होकार दिला. आम्हाला टोपली नको होती, म्हणून बाजूला वाटा मांडून बसलेल्या एका म्हातारीकडे आई गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला मालवणीत बोलताना ऐकलं.

“बांगडे कितक्याक?”

म्हातारीनं मान वर केली. “तू खयची गे?”

“हयचीच,” आई म्हणाली.

पासष्ट वर्षांत घरी हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. बांगडे आम्ही काकींना दिले. त्यांनी तिरफळं घालून तिखलं केलं, सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. जेवणाचे पैसे काकींनी निम्मेच घेतले, मासे आमचे होते म्हणून.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, आईचा उपास. उपास सोडायला काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि आंबोळी मिळेल असं काकींनी सकाळीच सांगून टाकलं. मालवणी जेवण म्हणजे मासेच असं समजणाऱ्यांनी हे सांबार एकदा तरी खावं. भाजलेल्या खोबऱ्याचा तो दाट काळपट रस्सा मला सुरमईपेक्षा जास्त आवडतो.

स्टँडवरून देवबागची बस घेतली. वायरी, तारकर्ली आणि मग देवबाग. पुढे पुढे जमीन अरुंद होत जाते. एका बाजूला माडांमधून समुद्र चमकतो, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं, विहिरी, शाळा. समोरून बस आली की दोन्ही ड्रायव्हर आरसे मिटून इंच इंच सरकतात. हाच रस्ता सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या मोटारींनी भरतो तेव्हा शाळेच्या पोरांची बस अडकते. हे मला शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं. त्यांचा मुलगा त्या बसमध्ये असतो.

उतरताना कंडक्टरनं परतीच्या दोन वेळा सांगितल्या. “दुसरी चुकव नकात.” मी त्या तळहातावर लिहून घेतल्या.

संगमावर होडीवाले, उडती छत्री, पाण्यावरची स्कूटर यांचे दर लावलेले होते. आम्ही काहीच घेतलं नाही. खिशाचं कारण होतंच, पण आईला नदीकाठी बसायचं होतं. भरती चढत होती. समुद्राचं पाणी नदीत शिरताना मधोमध एक रेघ उमटते, अलीकडे हिरवट, पलीकडे मातकट. ती रेघ हळूहळू वर सरकत गेली. पलीकडे भोगव्याचा डोंगर. तास-दीड तास आम्ही तेवढंच बघत होतो.

परतल्यावर काकी म्हणाल्या, शेजारच्या गावात जत्रा आहे, घरची सगळी रात्री टेम्पोनं जाणार, तुम्हीही चला. मी आईकडे पाहिलं. ती आधीच शाल शोधत होती.

कार्तिकी झाली की या जिल्ह्यात गावोगावच्या देवळांच्या जत्रा लागतात आणि प्रत्येक जत्रेत रात्रभर दशावतार. तिकीट नाही. देवळासमोर मंडप, एक लाकडी बाक, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. नाटक सुरू व्हायला मध्यरात्र उलटली. आधी पालखी फिरली, दुकानांतून खाजाचे आणि खटखट्या लाडवांचे ढीग रचलेले, गॅसबत्त्यांच्या जागी आता पांढरे दिवे. पडद्यामागे डोकावलं तर नट आपापली ट्रंक उघडून, समोर आरसा धरून स्वतःच रंग लावत होते. बायकांची कामंही पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि संवाद जागच्या जागी रचले जातात. गणपती आला, ऋद्धि-सिद्धी आल्या, संकासुर आला, तशी पुढे बसलेली पोरं किंचाळत आईबापांच्या मांडीत शिरली. मग खरं आख्यान लागलं. दोन राजांची अर्ध्या तासाची वादावादी चालली होती, प्रश्नावर प्रश्न, पुराणातले दाखले, एकमेकांना शब्दांत पकडणं. माझ्या पुढे बसलेले शेतकरी आजोबा प्रत्येक बिनतोड उत्तराला मांडीवर थाप मारत होते. अभिनयाचं आणि भाषेचं एवढं अवघड काम ही माणसं रोज नव्या गावात, रात्रभर जागून करतात. शहरात आपण तिकीट काढून जे नाटक बघतो त्याच्यापेक्षा हे कशातही उणं नाही.

आई एकदाही झोपली नाही. पहाटे दहीकाला झाला, हंडी फुटली, आणि आम्ही अंगावर शाली लपेटून गावाच्या तिठ्यावर पहिल्या एस.टी.ची वाट बघत उभे राहिलो. बसमध्ये अर्धी माणसं जत्रेची आणि अर्धी मालवणच्या बाजाराला निघालेली, भाजीच्या पाट्या घेऊन.

शुक्रवार

दुपारपर्यंत झोप.

तीन वाजता बंदरावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसलो. या सहलीत मी मुक्कामाव्यतिरिक्त ज्यासाठी मनापासून पैसे बाजूला ठेवले होते ते एवढंच. पावसाळ्यात ही होडी बंद असते, म्हणून आम्ही मार्गशीर्ष निवडला.

वल्ह्यांच्या होड्या आता राहिल्या नाहीत, इंजिन लावलेलं आहे. होडीनं धक्का सोडला आणि आई किल्ल्याकडे पाठ करून बसली. मला वाटलं तिला ऊन लागतंय. ती गावाकडे बघत होती. माडांची रांग, कौलं, त्यांच्यातून डोकावणाऱ्या नव्या इमारती, बंदराची वाळू. “पडावातून उतरताना असंच दिसायचं,” ती म्हणाली. “आधी माड दिसायचे, मग माणसं, आणि मग त्यांतले आजोबा ओळखू यायचे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाव पाण्यावरून येणाऱ्यासाठी मांडलेलं आहे. बंदर, बंदराला लागून बाजारपेठ, तिथून फुटणाऱ्या पाणंदी. उतरलेला माणूस ओझं डोक्यावर घेऊन चालत घरी जाईल एवढीच अंतरं. मोटारींना इथे जागा सापडत नाही याचा दोष गावाचा नाही.

किल्ला जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तट आत वळवून तो बुरुजांच्या आड ठेवला आहे. २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली. त्याआधीची पूजा या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली, त्या खडकावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. काम हिरोजी इंदुलकरांनी पाहिलं. पायात शिसं ओतलं असं सांगतात. लाटा साडेतीनशेहून अधिक वर्षं त्या तटावर आपटतायत, ते बघितल्यावर तसं सांगणाऱ्यांवर विश्वास बसतो. पण मला जास्त थक्क केलं विहिरींनी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्हींचं पाणी गोडं. नावं आईनं होडीतच सांगितली होती, क्रमासकट.

राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात ती बराच वेळ बसली. तटावर चढणं तिला झेपलं नसतं. मी एकटीच जाऊन आले. आत वस्ती आहे, कपडे वाळत होते, एका अंगणात सोलं सुकत घातली होती. होडीवाल्यानं दिलेला वेळ संपत आला. दरवाज्याजवळच्या चुन्यातला शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा परत जाताना दाखवायचा होता, पण जाळीपुढे सहलीच्या मुलांची रांग होती. आई म्हणाली, “मी पाहिलाय. मुलांना बघू दे.”

रात्री वडे आणि कोंबडीची सागोती. दोघींच्या जेवणाचे तीनशे रुपये.

शनिवार

परतीची गाडी कुडाळहून संध्याकाळी. त्यामुळे एक गोष्ट जमवता आली. कुडाळची बस धामापूरमार्गे घ्यायची, सामानासकट धामापूरला उतरायचं आणि नंतरच्या बसनं पुढे जायचं. दोन तिकिटांना थोडे जास्त पडतात, पण त्या जास्तीत अख्खा तलाव बघायला मिळतो.

तलाव १५३०चा. विजयनगरच्या राजवटीत नागेश देसायांनी दोन टेकड्यांमध्ये बांध घालून बांधला, आणि २०२०मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत स्थान मिळालं. काठावर भगवतीचं देऊळ आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. समोर दाट रान, पाण्यात त्याचं हिरवं काळं प्रतिबिंब. बाकी तिथे काही नाही. आम्ही पिशव्या पायरीवर ठेवल्या, काकींनी बांधून दिलेले घावणे आणि गूळ-खोबरं सोडलं. देवळातल्या गुरवांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि पुढच्या बसची वेळ स्वतःहून सांगितली. या चार दिवसांत बसची वेळ सांगायला कुणी कंटाळलं नाही. इथे प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी त्या बसवर अवलंबून असतं, दवाखाना, कॉलेज, बाजार, जत्रा सगळं तिच्यावर. जे गावकऱ्यांच्या रोजच्या कामाचं आहे, त्याच्यात आम्हा पाहुण्यांनाही जागा मिळाली. म्हणून मला मनापासून वाटतं की अशा गावी येणाऱ्यांनी निदान एक फेरी तरी एस.टी.नं करावी. माणसं चढत राहिली तर फेऱ्या राहतील.

बस आली तेव्हा कंडक्टर बुधवारचाच निघाला. आईनं न विचारता आधार कार्ड काढलं, शून्याचं तिकीट घेतलं. बस नेरूरपारचा पूल ओलांडत होती, खाली कर्ली संथ. आईनं वाकून त्याला विचारलं, कुडाळहून मालवणला सकाळची पहिली बस किती वाजता सुटते. त्यानं सांगितलेली वेळ तिनं माझ्याकडून ही वही मागून घेऊन या पानावर, वरच्या कोपऱ्यात, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे.