७,४०० च्या पुढे

इंजिन पिळायचं असतं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं! आमच्याकडे गाडी शिकवतात ती जपून चालवायला. गिअर लवकर बदल, इंजिनाला ओरडू देऊ नको, एव्हरेज सांभाळ. भावाच्या स्प्लेंडरवर मी तशीच शिकले. पुढे नोकरी लागल्यावर स्कूटर आली आणि गाडी म्हणजे बँकेत वेळेवर पोचवणारी वस्तू, एवढंच उरलं. आता त्रेचाळिसाव्या वर्षी निळी यामाहा आर१५ घेतली आहे आणि भेटेल त्याला रस्त्यात थांबवून सांगावंसं वाटतंय, की अहो, १५५ सीसीच्या इंजिनात एवढं सगळं असतं!

सात हजार आरपीएमपर्यंत ही गाडी अगदी गुणी. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून मुकाट जाते, लिटरला पंचेचाळीसच्या आसपास देते. पण ७,४०० ला मीटरवर ‘व्हीव्हीए’ ही अक्षरं उजळतात, आवाजाला धार येते आणि गाडी पुढे झेपावते. आत काय घडतं ते समजून घेतलं तेव्हा तर मी आणखीनच हरखले. हवा आणि पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी कॅमला दोन प्रकारचे उंचवटे आहेत. एक खालच्या आरपीएमसाठी. दुसरा वरच्या आरपीएमसाठी, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा. ७,४०० ला एक बारीकशी पिन सरकते आणि काम दुसऱ्याकडे जातं. तेव्हा व्हॉल्व्ह सेकंदाला साठहून जास्त वेळा उघडमिट करत असतात, आणि तेवढ्यात हा बदल होऊनही जातो! पूर्ण ताकद, १८.४ पीएस, मिळते ती तर थेट १०,००० ला. तिथपर्यंत पोचायचं तर गाडी पिळावीच लागते.

१८.४ हा आकडा लहान आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या लहानपणाबद्दलच आहे. हजार सीसीच्या सुपरबाइकला दोनशेच्या घरात पीएस असतात आणि ती पहिल्याच गिअरमध्ये शंभराच्या पुढे जाते. घाटात तिची ताकद वापरायची कुठे? माझी गाडी पाहा. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं, की दोन वळणांमधल्या सरळ तुकड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडते, व्हीव्हीए लागतं, इंजिन गाऊ लागतं आणि वेग असतो जेमतेम साठीच्या आतबाहेर. सगळीच्या सगळी ताकद कामाला लागलेली! गिअर चुकीचा असेल तर चढ लगेच सांगतो. वळणाआधी वेग उगाच मारला तर तो परत मिळवायला कष्ट पडतात. म्हणून आधीच नजर टाकायची, ब्रेक आधी संपवायचे, योग्य गिअर आधी टाकायचा. वळणापलीकडे एसटी आहे असंच धरून आपल्या बाजूला राहायचं. खाली धोमचं पाणी चमकत असतं, पण ते बघायला मी गाडी कडेला घेऊन थांबते. चालवताना दुसरं काही बघवतच नाही, इतकं मन त्या रस्त्यात गुंतलेलं असतं.

आणि वळणं! गाडी उजवीकडे न्यायची तर हँडल उजवीकडे वळवायचं, असंच कुणीही सांगेल. वेगात असताना प्रत्यक्षात उलटं असतं. उजव्या हाताने हँडल हलकेच पुढे ढकलायचं. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळणात शिरते. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी सायकलवाल्यांना हेच विचारलं होतं. डावीकडे जायला हँडल डावीकडेच वळवतो, असं जवळजवळ सगळे म्हणाले. आधी ते थोडंसं उजवीकडे जातं, हे पहिल्या फटक्यात एकानेही सांगितलं नाही; खोदून विचारल्यावर काहींनी मान्य केलं. म्हणजे लहानपणापासून सायकलवर आपण सगळे हे करत आलोय! आता मी ते जाणूनबुजून करते, आणि १४२ किलोची गाडी तळहाताच्या एवढ्याशा दाबाने कलते तेव्हा हेल्मेटच्या आत हसू फुटतं.

हँडल खाली असल्यामुळे मनगटं दुखतात, असं खूप जण सांगतात. आमच्या मेकॅनिकने एका वाक्यात इलाज सांगितला. “ताई, हँडलला लटकू नका, गुडघ्यांनी टाकी धरा.” बस्स! कोपरं सैल झाली, पुढच्या चाकाखालचा रस्ता हातांना कळायला लागला. ओल, बारीक खडी, नव्या डांबराचा मऊपणा, सगळं.

या गाडीची चासी मला वेगळीच आवडते. हँडलच्या मुळापासून मागचं चाक धरणाऱ्या आर्मपर्यंत जवळपास सरळ गेलेले दोन जाड पट्टे, डेल्टाबॉक्स. १९८० च्या दशकात यामाहाने ग्रांप्रीच्या रेसिंग गाड्यांत ही रचना वापरली. तिथे ती ॲल्युमिनियमची होती, इथे पोलादाची आहे. २००८ मध्ये पहिली आर१५ भारतात आली ती हीच चासी, पाण्याने थंड होणारं इंजिन, चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन आणि सहा गिअर घेऊन, तेही दीडशे सीसीत! आरएक्स १०० वर जीव टाकणारे माझे वडील आवाज ऐकून “टू-स्ट्रोक ती टू-स्ट्रोक” म्हणाले. मग शांतपणे किल्ली मागितली आणि वाढे फाट्यापर्यंत जाऊन आले. आल्यावर विचारलं, “ते सात हजारांच्या पुढे काय होतं गं?”

रस्त्यावर मी ठरवून मर्यादेत राहते. पण यापुढे गाडी आणखी किती कलते, हे जाणून घ्यायची ओढ लागली आहे, आणि त्याची जागा ट्रॅकच. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. जानेवारीची रजा टाकून ठेवली आहे. हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट आणले आहेत, लेदर सूट तिथे भाड्याने मिळतो का याची चौकशी चालू आहे. वडील म्हणतात, मीही येतो.