हाडावर चढलेलं हाड

अमडापूर, 24 जून 2024
पुतण्या परवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. सहा वर्षांचं पोरगं, मांडीचं हाड मधोमध मोडलं. आज कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर करून घरी आणलं. एक्स-रेत दोन्ही टोकं एकमेकांवर चढलेली, सेंटिमीटरभर. आई बिथरली. "हाडावर हाड चढलं हाय, अन् डॉक्टर म्हंते राहू द्या!"

27 जून
डॉक्टरांनी फोनवर समजावलं. या वयात मोडलेल्या हाडाकडे रक्त जास्त धावतं, त्यामुळे ते दुसऱ्या मांडीपेक्षा भराभर वाढतं. टोकाला टोक नीट लावलं, तर पुढे तोच पाय लांब भरतो. म्हणून मुद्दाम आखूड ठेवलंय. आईला अर्धंच पटलं.

14 जुलै
शेजारच्या काकू हाडजोडीच्या वेलाची कांडं घेऊन आल्या. लेप लावायचा कुठे, प्लास्टरवर? हाडजोडी असो की हाडवैद्य, यशातला मोठा वाटा हाडाचाच, असं माझं मत. 1937 साली सयामच्या जंगलातून जमवलेल्या गिबन वानरांचे सांगाडे शास्त्रज्ञ अॅडॉल्फ शुल्ट्झ यांनी तपासले, तर जवळपास एक तृतीयांशांत मोडून जुळलेली हाडं निघाली. त्यांना कोण पट्टी बांधणार? मात्र हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या, तर रक्त थांबतं आणि हात-पाय कापायची पाळी येते. ती चूक हाड भरून काढत नाही.

22 जुलै
नवा एक्स-रे. टोकांभोवती ढगासारखा पांढरा गोळा धरलाय. फट बुजतेय.
प्रौढांचं इतकं सोपं नसतं. नडगीच्या खालच्या भागात, खुब्याच्या मानेत रक्तपुरवठा तुटपुंजा, तिथं हाड महिनोन्‌महिने जुळत नाही. त्यासाठी सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हनी 1950च्या दशकात पायाभोवती बसवायचा कड्यांचा, नटांचा सांगाडा बनवला. एका रुग्णानं नट उलटे फिरवले, टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली आणि मधल्या फटीत नवं हाड उगवलं, असं सांगतात. मग हाड दिवसाला एक मिलिमीटर ताणायची रीतच पडली. आपल्याकडे अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी हेच काम करतात.

10 ऑगस्ट
प्लास्टर कापलं. पाय काडीसारखा, वर मळाचे पापुद्रे. पोरगं पाय टेकवायलाच तयार नाही.

2 सप्टेंबर, पोळा
लंगडत का होईना, बैलांमागे गेला. आईनं बल्लाळी देवीला नारळ कबूल केलाय, काकू हाडजोडीचं नाव घेतात. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही पाय मोजायला न्यायचंय.